ओळीच्या शेवटी बटण

ज्या माणसाने दाढदुखीवर सलग सोळा कडवी लिहिली आणि एकाही कडव्यात यमक चुकू दिलं नाही, त्या माणसाला एका बटणाने जेरीस आणावं, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. टेलरमास्तरांना स्वतःला तर मुळीच नाही.

मास्तर पोटासाठी शर्ट-पँट-कोट शिवत आणि मानासाठी कविता करत. गल्लीत कुणी निवृत्त झालं, कुणी नवं दुकान उघडलं, कुणाच्या घरी जुळं झालं, की माणसं मास्तरांच्या दुकानाची पायरी चढायची. मास्तर गळ्यातल्या मापपट्टीशी चाळा करत दोन प्रश्न विचारत, छताकडे बघत, आणि कापड कापायच्या खडूनेच पहिली ओळ टेबलावर उतरवत. दातांच्या डॉक्टरांकडे त्यांची ‘दात-हात-घात’ ही कविता काचेच्या चौकटीत टांगली होती. रोगी ती वाचून घाबरत, पण ते रोगी होते, रसिक नव्हते. समोरच्या औषधवाल्यांकडे ‘गोळी-झोळी-भोळी’ होती. यमक हा मास्तरांचा हातखंडा. अर्थ इकडेतिकडे झाला तर चालेल, पण यमक शिवणीसारखं सरळ उतरलं पाहिजे, असं ते म्हणत. आणि अर्थ बऱ्याचदा इकडेतिकडे होतही असे.

एका दुपारी मास्तरीणबाई, म्हणजे मास्तरांची बायको, सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, “अहो, सगळ्या गल्लीच्या भिंतींवर तुमच्या कविता आहेत. आपल्या भिंतीवर औषधवाल्यांचं कॅलेंडर आहे.”

मास्तरांनी कॅलेंडरकडे पाहिलं. त्यावर खोकल्याची बाटली होती.

“माझ्यावर एक करा,” बाई म्हणाल्या. “वाचनालयाच्या संमेलनात वाचा. मी समोर बसून ऐकेन.”

एवढी वर्षं संसार केला, पण बाईंनी कधी काही मागितलं नव्हतं. म्हणजे मागितलं होतं, पण ते पंखा, कुकर, छताची गळती असलं. कविता पहिल्यांदाच. मास्तर खूश झाले. दहा मिनिटांत त्यांनी ‘सुई-जुई’, ‘धागा-जागा’ असं घातलं आणि गळा साफ करून वाचून दाखवलं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “बटण कुठाय?”

“आहे की! तिसऱ्या ओळीत. ‘सुंदर बटण लावी ती बाला.’”

“मधे?”

“मधे म्हणजे... हो, मधे.”

“बटण मधे लावतात का कधी?”

इथे या दुकानातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं महाभारत कळायचं नाही. इतर शिंपी बटणं लावून मग इस्त्री करतात. पण मास्तरांची इस्त्री वडिलांच्या वेळची, निखाऱ्यांची, आणि मास्तरांचा हात तिच्याहून जड. तिच्याखाली बटणं कडाकड फुटायची. म्हणून या दुकानात आधी कापणं, मग शिवणं, मग इस्त्री आणि सगळ्यात शेवटी बटण. ते मागच्या खोलीत, खिडकीशी बसून, बाई लावत. मग घडी, मग गिऱ्हाईक. गिऱ्हाईक बाहेर मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणे, “वा मास्तर, काय शिवलंय!” आणि मास्तर नम्रपणे मान झुकवत.

“आयुष्यभर मी शेवटी,” बाई म्हणाल्या, “तर कवितेतही शेवटी घाला. ओळीच्या शेवटी.”

“हात्तिच्या!” मास्तर म्हणाले. हा शब्द माणसाने जरा जपून वापरावा.

ओळीच्या शेवटी शब्द आला म्हणजे त्याला यमक आलं, हे मास्तरांच्या रक्तात होतं. त्यांनी छताकडे पाहिलं. छताने ताबडतोब ‘मटण’ दिलं. मास्तरांनी ते नाकारलं आणि पुन्हा पाहिलं. पुन्हा ‘मटण’. तासाभराने त्यांनी हार मानून दोन ओळी लिहिल्या: ‘शर्टाला आणते शोभा हे बटण, रविवारी जसे ताटात मटण.’ तांत्रिकदृष्ट्या ओळी निर्दोष होत्या.

“मी मटण?” बाईंनी विचारलं.

“तू नाही गं! बटण!”

“आणि बटण कोण लावतं?”

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते देण्यात अर्थ नव्हता. बाईंनी बटणांचा डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि जाहीर केलं, “माझं बटण ओळीच्या शेवटी नीट बसेपर्यंत मी कुणाच्या शर्टाला बटण बसवणार नाही.” त्यांनी आवाजही चढवला नाही. मास्तरांना खरी धास्ती त्याचीच वाटली.

संप अगदी शिस्तीचा होता. स्वयंपाक वेळेवर, चहा वेळेवर, हातशिलाई वेळेवर. फक्त बटण नाही. दोरीवर शर्ट लटकू लागले, इस्त्रीचे, कडक, आणि पुढून सताड उघडे.

“मास्तर, शर्ट झाला?”

“झाला.”

“मग द्या.”

“बटणं सोडून झाला.”

मास्तरांनी आपल्या परीने शोध चालू ठेवला. ‘क’पासून सुरुवात करून प्रत्येक अक्षराला ‘टण’ जोडून बघायचं, अशी त्यांची शास्त्रशुद्ध पद्धत. कटण, खटण, गटण, घटण. हे ते जेवताना म्हणत, आंघोळीत म्हणत आणि दुर्दैवाने मापं घेतानाही म्हणत. बँकेचे रोखपाल चांगले भरलेले गृहस्थ. मास्तर त्यांच्या पोटाभोवती पट्टी गुंडाळून, आकड्याकडे डोळे बारीक करून पुटपुटत होते, “नटण, पटण, फटण, बटण, भटण... मटण!”

“माझ्या पोटाकडे बघून काय म्हणालात?” रोखपालांनी विचारलं.

मास्तरांनी समजावलं की ही कविता आहे. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. रोखपाल पट्टीसकट बाहेर पडले आणि पट्टी औषधवाल्यांच्या नोकराबरोबर परत आली, निरोपाशिवाय.

पाठोपाठ स्वतः औषधवाले आले. गल्लीत कुणाचं काही दुखलं की औषधवाल्यांकडे उपाय असतो आणि तो नेहमी त्यांच्याच दुकानात मिळतो. “मास्तर, एवढं काय त्यात? चाटण!”

“काय?”

“बटण, चाटण. खोकल्याचं चाटण. ‘लावता लावता शर्टाला बटण, खोकला आला तर घ्यावे चाटण.’ आरोग्याचा संदेशही जातो.”

“माझ्या बायकोला खोकला नाही.”

“होईल की,” औषधवाले धीर देत म्हणाले. “हवा बदलतेय.”

मग मेव्हणा आला. हा बाईंचा धाकटा भाऊ, विमा विकणारा. जगातली प्रत्येक अडचण ही आपण बोललो नाही म्हणून उरली आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत. “दाजी, पर्यटन! विघटन! संघटन! उद्घाटन! रांग लागलीय.”

“ते ‘न’ आहेत. माझा ‘ण’ आहे.”

“मी तर बटनच म्हणतो.”

“मग तुझ्या शर्टाला बटन लाव,” मास्तर कडाडले. “माझ्या बायकोने बटण लावलंय!”

मेव्हण्याने बहिणीकडे पाहिलं. बहीण हातशिलाई करत होती, पण कान इकडे होते. आपल्या बाजूने घरात कुणीतरी ओरडलं याचं त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्या दिवशी चहात साखर जास्त होती. डबा मात्र उघडला नाही.

“मग दुसऱ्याकडून लावून घ्या ना,” मेव्हण्याने जाता जाता सुचवलं. मास्तरांनी तेही केलं. मागच्या रस्त्यावर काज-बटण करणारा एक इसम होता. त्याने गठ्ठा सोडला, पहिला शर्ट हातात घेतला आणि त्याच्या बायकोने आतून विचारलं, “कुणाचं काम आहे?” नाव ऐकून ती बाहेर आली, शर्ट त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि मास्तरांना परत दिला. संपाची बातमी मास्तरांच्या आधी पोचली होती. त्या इसमाने खांदे उडवले. मास्तर गठ्ठा काखोटीला मारून आले तसे परत निघाले, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला वाटलं की ते धोब्याकडे चाललेत.

आता उरला एकच मार्ग. मास्तर स्वतः बटण लावायला बसले.

कोटाचा खांदा ज्याने डोळे मिटून उतरवला, त्याला चार भोकांची टिकली ती काय भारी, असं कुणालाही वाटेल. मास्तरांनाही वाटलं. पहिलं बटण लावून झाल्यावर ते अभिमानाने उठले आणि शर्ट त्यांच्याबरोबर उठला, कारण त्यांनी तो स्वतःच्या पँटच्या गुडघ्याला शिवला होता. दुसऱ्या शर्टाची सगळी बटणं लागली, पण घालून पाहिल्यावर कॉलरचं एक टोक कानाशी आणि दुसरं खांद्याशी राहिलं. तिसऱ्याचं बटण घट्ट बसलं, इतकं घट्ट की काजात जाईना, कारण बटण आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याची थोडी उंच मान ठेवायची असते हे मास्तरांना माहीतच नव्हतं. एवढी वर्षं त्यांच्या पाठीमागच्या खोलीत हे होत होतं. बोटाला तीन ठिकाणी रक्त आलं तेव्हा मास्तर खुर्चीत मागे टेकले. त्यांना स्वतःची लाज वाटली. ‘सुंदर बटण लावी ती बाला’ ही ओळ आठवून तर जास्तच.

संमेलन जवळ आलं होतं. वाचनालयाचे सचिव हे निवृत्त हेडमास्तर. संमेलनात वाचायची प्रत्येक कविता आधी त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जायची. अर्जावर ‘यमक: आहे / नाही’ असा रकाना होता आणि त्यातला ‘नाही’ त्यांनी पूर्वीच पट्टी धरून खोडला होता. मास्तरांनी सवलत मागितली. सचिव म्हणाले, सवलत अध्यक्ष देतात. अध्यक्ष म्हणाले, सचिवांची शिफारस आणा. सचिव म्हणाले, शिफारस यमक असलेल्या कवितेचीच करता येते.

“सोपा मार्ग सांगतो,” सचिव म्हणाले. “गुंडी घ्या. आपला शब्द आहे. कुंडी, मुंडी, हुंडी. रास पडलीय.”

मास्तरांनी घरी येऊन विचारलं. बाई म्हणाल्या, “जन्मभर बटणं लावली. गुंडी एक लावली नाही.”

मास्तर पुन्हा वाचनालयात गेले. बाईंचं म्हणणं त्यांनी शब्दशः सांगितलं. सचिव हसले. वाईट हसले असं नाही, शाळेत हुशार पोराच्या चुकीला हसतात तसं. “अहो मास्तर, बटण ते केवढं! त्याला ओळीच्या शेवटी मान कशाला हवाय? कवितेतून काढूनच टाका ना. कुणाला कळणारही नाही.”

यावर मास्तर हो म्हणाले असते. पूर्वीचे मास्तर असते तर नक्की म्हणाले असते. पण बोट अजून ठणकत होतं आणि त्या ठणक्याबरोबर संतापाची एक तिडीक थेट डोक्यात गेली. कुणाला कळणारही नाही! बरं, म्हणजे इतकी वर्षं हेच चालू होतं तर, आणि चालवणारे आपणच.

“बरोबर आहे सर,” मास्तर अतिशय गोड आवाजात म्हणाले आणि तिथेच बसून ‘गुंडी-कुंडी-मुंडी’ अशी एक कविता खरडून दिली. सचिवांनी तिच्यावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली. “आणि माझा कोट?” त्यांनी विचारलं. संमेलनासाठी त्यांनी नवा बंद गळ्याचा कोट शिवायला टाकला होता.

“कोट तयार आहे,” मास्तर म्हणाले. “बटणं सोडून.”

जुना कोट घालावा तर तो मास्तरांनी मापासाठी उसवलेला. तेव्हा संमेलनाच्या दिवशी सचिव नव्या कोटाचे दोन्ही पल्ले एका मुठीत धरून व्यासपीठावर बसले. टाळ्या वाजवायची वेळ आली की ते नुसती मान हलवत. वाचनालयाचं सभागृह भरलं होतं, कारण काय होतंय ते बघायला गल्लीतला झाडून सगळा माणूस आला होता. रोखपालसुद्धा आले होते, दोरीवरचा आपला आधीचा बिनबटणाचा शर्ट नेऊन त्याला सेफ्टी पिना लावून. बाई समोर बसल्या होत्या, मांडीवर पर्स घेऊन, आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

मास्तर उठले. खिशातून कागद काढला. सचिवांनी मंजूर प्रत समोर घेऊन पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मास्तरांनी वाचायला सुरुवात केली.

“कापड मी कापले, मोजून मापले,
पाटीवर नाव मी माझेच छापले,
इस्त्रीच्या वाफेने घर सारे तापले,
आणि मग तिने लावले बटण.”

सचिवांचं बोट प्रतीवर वर-खाली फिरलं आणि थांबलं. “मास्तर, ही ती कविता नव्हे.”

“नव्हे.”

“आणि यमक? तीन ओळी जुळल्या, चौथी उघडीच आहे!”

“तुमच्या कोटासारखी,” मागून कुणीतरी म्हणालं. आवाज रोखपालांचा होता असं औषधवाले अजून सांगतात. सभागृह हसलं. सचिव ताडकन उठले, त्यांनी तर्जनी रोखली, आणि तर्जनी ज्या हाताची होती त्याच हातात कोट होता. कोट उघडला, आतला बनियन दिसला, हशा दुप्पट झाला. सचिव लालबुंद होऊन म्हणाले, “नियम म्हणजे नियम! तुमचं नाव यादीतून खोडावं लागेल. कायमचं.”

मास्तरांसाठी ही लहान गोष्ट नव्हती. वर्षातून एकदा या टेबलामागे उभं राहून चार शब्द वाचायचे, यावर त्यांचं उरलेलं वर्ष चालायचं. दुकानात ते शिंपी होते, कवी फक्त इथे होते. पण कागद त्यांनी खाली ठेवला नाही.

“खोडा,” ते म्हणाले. “पट्टी धरून खोडा. यमक मला येतं, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी या शब्दासाठी क पासून ज्ञ पर्यंत दारं ठोठावली. मटण मिळालं. चाटण मिळालं. तुम्ही गुंडी दिलीत. माझ्या बायकोच्या शेजारी बसवावं असं यातलं काहीएक नाही. तिच्या तोडीचा शब्द भाषेत नसेल तर तो भाषेचा दोष, तिचा नाही. आणि बटण मी काढणार नाही. ते नसलं की काय होतं, ते सगळ्यांनी आत्ताच बघितलंय.”

सचिवांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाई उठल्या. पायऱ्या चढून व्यासपीठावर आल्या, पर्स उघडली आणि सुईदोरा काढला. मग कोटाची बटणं काढली. ती त्यांनी घरून आणली होती.

“सर, हात बाजूला घ्या.”

“बाई, हे काय? इथे काव्यवाचन...”

“अट पुरी झाली. संप संपला. हलू नका, सुई टोचेल.” पहिला टाका पडला. सचिव जागच्या जागी ताठ झाले. बाईंनी मान वर न करता नवऱ्याला सांगितलं, “तुम्ही वाचा. पुन्हा पहिल्यापासून.”

मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आता त्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

“लोकांनी पाहिली कॉलरची ऐट,
बाहीची धाटणी, खांदाही थेट,
आरशाशी झाली ज्याची त्याची भेट,
कोणीच नाही पाहिले बटण.

शब्दांच्या बाजारी हिंडलो मी फार,
ठोठावत गेलो मी दारामागून दार,
जोडीला कोणीही होईना तयार,
तर एकटेच बसेल माझे बटण!”

सचिवांना अनेक आक्षेप होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक दिसत होते. पण माणूस दोऱ्याने बांधलेला असताना आणि सुई पोटापासून बोटभर अंतरावर असताना मत मांडत नाही. कविता संपली. बाईंनी शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि कोटावरून हात फिरवला. बटणं एका रेषेत होती.

सचिवांनी खाली पाहिलं. त्यांनी कोट ओढून बघितला. मग माणूस तत्त्वाचा असल्यामुळे म्हणाले, “काम चोख आहे, बाई. पण यमक जुळलेलं नाही.”

“नाहीच जुळलं,” बाई म्हणाल्या. “मी बटण शेवटी घाला म्हटलं होतं. यमक जुळवा असं कोण म्हणालं होतं?”

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. मटण, चाटण, रोखपाल, गुडघ्याला शिवलेला शर्ट, सगळं एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. “मग आधी सांगायचं नाही?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

सचिवांनी लाल पेन्सिल काढली आणि सगळ्यांसमक्ष, पट्टी धरून, मास्तरांचं नाव खोडलं. बाईंनी ते नीट होईपर्यंत पाहिलं. मग नवऱ्याच्या हातातला कागद घेतला, त्याची शर्टासारखी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “चला. घरी खिळा ठोकायचाय.”